डी, ई, आय, टी : चार अक्षरांचा डाव

भांडीकुंडी आवरून रेडिओजवळ बसला असाल, तर हाताशी कागद-पेन घ्या. शाळेत जाणारं लेकरू घरात असेल तर त्यालाही हाक मारा. आज आपण इंग्रजी अक्षरांचा एक डाव खेळणार आहोत. "बाई, इंग्रजी म्हटलं की डोकं दुखतं" असं म्हणू नका. एबीसीडी ओळखता येते ना? मग झालं.

आधी मराठीतलं बघा. क, म आणि ल ही तीन अक्षरं. त्यांचं 'कमल' होतं आणि 'कलम'सुद्धा होतं. अक्षरं तीच, फक्त जागा बदलल्या. इंग्रजीत हे जास्त जमतं, कारण तिथे काना-वेलांटी अक्षराला चिकटलेली नसते. तिच्यासाठी वेगळं अक्षर उभं असतं, म्हणून सगळी अक्षरं सुटी करून हलवता येतात.

आता हा डाव आमच्या गटात कसा आला ते सांगते. यात चूक माझी आहे, तेही सांगून टाकते. मे महिन्याचा शेवट होता. आमच्या गटातली एक ताई मोबाइल घेऊन धावत आली. बँकेचा मेसेज होता, ४३६ रुपयांचा. "आले का गं पैसे?" मी पोळ्या लाटत होते. मान वळवून पाहिलं, शेवटची अक्षरं ओळखीची दिसली, आणि म्हणून गेले, "हो, जमा झाले." ताईने त्या भरवशावर दुकानातून मुलीच्या गणवेशाचं कापड उधारीवर उचललं. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, पैसे आले नव्हते, गेले होते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये असतो, तो खात्यातून आपोआप कापला गेला होता. कापला गेला ते योग्यच, विमा चालू राहिला. पण उधारी डोक्यावर बसली. ताई मला एक शब्द बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. बीए झालेली मी, आणि क्रेडिट-डेबिटमध्ये फसले!

त्या रात्री मी दोन्ही शब्द सुटे करून लिहिले. तुम्हीही लिहा. डेबिट : डी, ई, बी, आय, टी. क्रेडिट : सी, आर, ई, डी, आय, टी. दोन्हींत डी, ई, आय, टी ही चार अक्षरं आहेतच. घाईत बघणाऱ्याला तीच दिसतात.

मग पुढच्या बैठकीत मी ही चार अक्षरं फळ्यावर मांडली आणि म्हटलं, "ही चारही ज्यात आहेत असे शब्द शोधा. क्रम कसाही चालेल, मध्ये दुसरी अक्षरं आली तरी चालतील, पण चारांपैकी एकही गळता कामा नये." अक्षरं ओळीत लिहायची नाहीत, गोलात लिहायची. ओळीत लिहिली की डोळा त्याच क्रमाने वाचत राहतो. गोलात तो कुठूनही सुरू होतो.

सुरुवातीला लहान शब्द आले. डाएट म्हणजे आहार, टाइड म्हणजे भरती-ओहोटी. मग मी म्हटलं, घरी जा आणि जे छापलेलं दिसेल त्यात शोधा. मैत्रिणींनो, काय काय सापडलं! पैसे भरायच्या स्लिपवर डिपॉझिट. मतदान ओळखपत्रावर आयडेंटिटी. फवारणीच्या बाटलीवर इन्सेक्टिसाइड. शाळेच्या कागदावर एज्युकेशन. त्यात ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर आहेत, ते एका नातवाने दाखवलं. आमच्याच गटाच्या शिक्क्यावर प्रेसिडेंट निघाला. तो शिक्का आम्ही चार वर्षं उठवत होतो!

ऑडिटवरून मात्र वाद पेटला. ए, यू, डी, आय, टी. डी आहे, आय आहे, टी आहे, पण ई कुठेय? "ऐकायला तर येतंय तसंच!" एक मावशी अडून बसल्या. कानाला येतं ते सोडा, कागदावर काय आहे ते बघा. एकेका अक्षरावर बोट ठेवून खूण करायची. ऑडिट बाद.

आता डावाचा दुसरा भाग. प्रत्येक शब्दातून आपली चार अक्षरं खोडा आणि उरतं ते बघा. डेबिटमध्ये उरतो बी. क्रेडिटमध्ये सी आणि आर. डिपॉझिटमध्ये पी, ओ, एस. त्या गणवेशवाल्या ताईच म्हणाल्या, "बी म्हणजे बाहेर गेले, सी म्हणजे साठले." आता आमच्या गटात मेसेज आला की पहिल्यांदा बी शोधतात. पासबुकात डी-आर दिसलं तर नावे, सी-आर दिसलं तर जमा. मेसेजात शब्दाच्या शेवटी आणखी ई-डी लागतं, म्हणजे काम होऊन गेलं. आणि हो, क्रेडिटचा मेसेज कोणीही खोटा पाठवू शकतो, म्हणून खात्यातली शिल्लक बघितल्याशिवाय उधारी करायची नाही. हे मी आता स्वतःलाच सांगते.

असाच अक्षरांचा एक खेळ जगभर खेळतात, स्क्रॅबल नावाचा. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टने तो १९३०च्या दशकात, मंदीत काम गेल्यावर तयार केला. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्याने वर्तमानपत्रांतून मोजलं. म्हणून त्या खेळाच्या १०० सोंगट्यांत ई १२ आहेत, आणि क्यू, झेड, एक्स एकेकच. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापून अक्षरं केली. पहिल्यांदा सगळी सारखी केली, तर ई सारखा संपायचा. तुम्ही करणार असाल तर ई जास्त कापा.

पुढच्या बैठकीसाठी चार अक्षरं देते, लिहून घ्या : एल, ओ, ए, एन. लोन तर झालंच. पण हीच चार एका 'पर्सनल'मध्येही आहेत आणि 'नॅशनल'मध्येही. अजून कुठे सापडतात बघा, आणि गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून आणा.