घुगऱ्या, पेज आणि ग्रीक वैद्य

आज पदवी घेणाऱ्या डॉक्टर व आहारतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन, आणि लगोलग एक तक्रार. अन्नालाच औषध मानावं असं ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस सांगून गेला, हे दवाखान्याच्या भिंतीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे वाचायला मिळतं. त्याच्या नावावर साठेक ग्रंथ आहेत. त्यांत हे वाक्य कुठेच नाही. आहार आणि औषध यांची गल्लत ते ग्रंथ लिहिणारे वैद्य करत नव्हते. त्यांची प्रसिद्ध शपथच पाहा: रुग्णाच्या भल्यासाठी पथ्य सांगण्याचं वचन आधी येतं, घातक औषध न देण्याचं त्यानंतर, शस्त्राचा विषय त्याच्याही पुढे.

ते जे खरोखर सांगत होते, ते त्या वाक्यापेक्षा कितीतरी चविष्ट आहे. ‘प्राचीन वैद्यकाविषयी’ नावाच्या ग्रंथाचा लेखक म्हणतो की वैद्यकाचा उगम चुलीपाशी झाला. बैलाघोड्यांचा चारा माणसाला सोसेना, म्हणून तो धान्य दळू, भिजवू, भाजू, शिजवू लागला. धडधाकट माणसाचं जेवण आजाऱ्याला सोसेना, तेव्हा ते आणखी पातळ केलं. शोध एकच, फक्त पुढे नेलेला. मग हा गृहस्थ तत्त्वज्ञांवर घसरतो. उष्ण, शीत, कोरडं, ओलं अशा गृहीतांवरून उपचार ठरवणाऱ्यांना तो विचारतो: रोग्याला ‘उष्ण काहीतरी घे’ म्हणालात, तर तो ताबडतोब विचारणार, म्हणजे नेमकं काय घेऊ? चीज वाईट, एवढं म्हणूनही त्याच्या लेखी भागत नाही. कुणी ते पोटभर खाऊन ठणठणीत राहतो, कुणाला तेच बाधतं. तेव्हा कुणाच्या देहात काय बिघडतं, ते सांगा. आणि यासाठी वजनमाप शोधू नका, रुग्णाच्या शरीराला काय जाणवतं तेच माप.

डाएटवरून आज दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही म्हणून लोक हसतात. तेव्हाही हसत. तीव्र ज्वरात सातूची पेज द्यावी, नुसती वरची निवळ द्यावी, की काहीच देऊ नये, यावर वैद्यांची जुंपलेली असे. ‘तीव्र आजारांतील पथ्य’ या ग्रंथाचा कर्ता वैतागून लिहितो की अशानं लोकांना वैद्यक म्हणजे शकुन पाहण्यासारखं वाटू लागलंय. त्याचं स्वतःचं बारीक लक्ष बदलाच्या वेगावर होतं: रोग्याला उपाशी ठेवून एकदम पेज पाजण्यातला धोका तो पुन्हापुन्हा बजावतो.

प्लेटोला मात्र या पथ्यांचा कंटाळा होता. ‘रिपब्लिक’मध्ये तो हेरोडिकस नावाच्या व्यायामशिक्षकाची टर उडवतो, कारण यानं स्वतःला जपत जपत म्हातारपण गाठलं, पण दुसरं काहीच केलं नाही. त्याच्यासमोर प्लेटो एक सुतार उभा करतो. लांबलचक पथ्य सांगताच सुतार म्हणतो, आजारी राहायला मला सवड नाही, आणि कामाला लागतो. जगला तर जगला. प्लेटोला हे पसंत आहे. मला नाही. सुताराचं म्हणणं मात्र मी डोक्यात ठेवतो, कारण तो ओपीडीत रोज येतो. ‘पथ्य’ या हिपोक्रेटिक ग्रंथाच्या लेखकानं त्याची दखल घेतली होती. पोटासाठी जमिनीवर आणि समुद्रात वणवण करणाऱ्या, मिळेल ते खाणाऱ्या बहुसंख्यांसाठी त्यानं आधी सल्ला लिहिला. सवड आणि पैसा असलेल्यांसाठी नंतर, वेगळा.

आता आणखी एक ग्रीक वैद्य, गेलेन. जन्म इसवी सन 129, गाव पर्गमम. उत्तम वैद्य तत्त्वज्ञही असतो, असा त्यानं निबंधच लिहिला. त्याच्या तत्त्वचिंतनापेक्षा मला त्याचं एक जेवण आवडतं. तरुणपणी दोन मित्रांबरोबर तो शहरापासून लांब खेड्यात गेला. घरात भाकरी-पाव काही शिल्लक नव्हतं. एका बाईनं मडक्यात गहू शिजवले, बेतानं मीठ घातलं आणि पोरांपुढे ठेवले. आपल्या घुगऱ्याच म्हणा. पोरांनी ताव मारला. पोटात चिखल बसल्यासारखं झालं, दुसऱ्या दिवशी भूक नाही, वायू धरलेला, डोकं दुखतंय, नजर अंधुक. एवढं होऊनही त्यानं त्या लोकांना विचारलं, तुम्हीही हे खाता का? ते म्हणाले, वेळ आली की खातो, पण पचायला जडच. विचारल्याशिवाय ती ‘वेळ’ त्याला कळली नसती.

पुढे दुष्काळाबद्दल लिहिताना त्यानं लोकांवर आलेली अशीच ‘वेळ’ नोंदवली. शहरवाले हंगाम होताच वर्षभराचा गहू, सातू, मसूर उचलून नेत. गावाला उरलीसुरली कडधान्यं, वसंतात तीही संपली की कोंब, कंद, मुळं. मग अंगावर गळवं आणि व्रण, अनेकांना ताप. ही लक्षणं लिहिताना धान्य कुठे गेलं, हेही गेलेननं त्याच मजकुरात लिहिलं. तुमच्यातले काही जण लवकरच ग्रामीण रुग्णालयांत रुजू होतील. तिथल्या केसपेपरवर यासाठी रकाना नसतो. समासात लिहा.