‘उन्हाळी’ आणि जंतूंची नवी तपासणी



वैशाखात धुळ्याचा पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा घरोघरी एक तक्रार ऐकू येते : ‘उन्हाळी लागली.’ लघवीला जळजळ, वारंवार जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे. त्यावर धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा हे उपाय पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. शरीरात पाणी कमी पडल्याने होणारी जळजळ त्यांनी शमतेही. परंतु याच नावाखाली पुष्कळदा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग लपलेला असतो. कापसाच्या शेतात दिवसभर राबणारी, आडोशाअभावी पाणीच कमी पिणारी आणि लघवी तुंबवून धरणारी स्त्री त्याला लवकर बळी पडते. ती गरोदर असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा आणि दिवस भरण्यापूर्वीच प्रसूती होण्याचा धोका संभवतो.

अशा वेळी औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणल्या जातात, जळजळ थांबते, गोळ्याही थांबतात. मरतात ते दुबळे जंतू. चिवट तेवढे शिल्लक राहतात.

खरा जंतू ओळखण्याची रूढ रीत म्हणजे ‘कल्चर’. लघवीचा थेंब पोषक द्रव्यावर पेरावयाचा आणि जंतूंची वाढ होऊ द्यावयाची. एका मिलिलिटरमध्ये १ लाख जंतू हे संसर्गाचे प्रमाण अमेरिकेतील डॉ. एडवर्ड कॅस यांनी १९५६च्या सुमारास रूढ केले. कोणते औषध लागू पडेल हेही यातून कळते. मात्र त्यास दोन ते तीन दिवस लागतात.

रेणवीय तपासणी येथेच निराळी ठरते. ती जंतू वाढण्याची वाट पाहत नाही. त्याच्या जनुकाचा ठरावीक तुकडा शोधते आणि त्याच्या कोट्यवधी प्रती काढून काही तासांत जंतूचे नाव सांगते. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली सुचविलेल्या या ‘पीसीआर’ तंत्रास १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते आपणांस अपरिचित नाही. २०२० साली करोनाच्या साथीत धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नमुने तपासले गेले ते याच तंत्राने. क्षयरोगाचे ‘सीबीनॅट’ यंत्रही याच जातीचे.

औषधाला दाद न देणारे जनुकही या तपासणीत सापडते. २००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला जातीचा जंतू आढळला. हा रुग्ण तत्पूर्वी दिल्लीत रुग्णालयात होता. अखेरची म्हणून राखून ठेवलेली प्रतिजैविकेही त्या जंतूपुढे निकामी ठरली. त्यामागील जनुकास नवी दिल्लीचे नाव दिले गेले. त्याबद्दल आपल्याकडे उमटलेली नाराजी अकारण नव्हती. परंतु जनुक खरे होते. मार्च २०१४ पासून अशा काही औषधांची विक्री दुकानदाराने स्वतंत्र वहीत नोंदविणे बंधनकारक झाले आहे.

तरीही नव्या यंत्रावर सारा भार टाकणे योग्य नव्हे. ते मेलेल्या जंतूचे जनुकही दाखविते. बाहेरून लागलेला जंतू आणि आजार घडविणारा जंतू यांतील भेद त्याला नेहमी कळतोच असे नाही. पुष्कळ वृद्धांच्या लघवीत जंतू असतात, पण त्रास नसतो; तेथे सहसा औषध देत नाहीत. गरोदर स्त्रीचे मात्र तसे नाही. तिला लक्षणे नसली तरी उपचार करावे लागतात. म्हणून लघवीच्या बाबतीत आजही मुख्य आधार कल्चरचाच आहे.

दोन्ही तपासण्यांची भिस्त अखेर एका बाटलीवर असते. औषधाची पहिली गोळी घेण्यापूर्वी, अंग स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावयाची आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावयाची. अन्यथा थंड ठेवावयाची. उष्म्यात हे जंतू २० मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. म्हणजे दोन तासांत एकाचे ६४. पिंपळनेरहून एस.टी.ने धुळ्यास निघालेल्या बाटलीला तेवढा वेळ सहज लागतो. तेव्हा बर्फाची पेटी हवी, आणि तीही निराळी; लसीच्या पेटीत असे नमुने ठेवावयाचे नसतात. ही पेटी कोणी आणावयाची आणि सकाळच्या कोणत्या गाडीने नमुने धाडावयाचे, हे गावपातळीवर ठरविता येण्याजोगे आहे.