मंडईतला काळापांढरा चौकोन



गेल्या पावसाळ्यात आमचे आबा गावाहून पुण्याला आले होते. मंडईत त्यांनी दहा रुपयांची कोथिंबीर घेतली आणि शंभराची नोट पुढे केली. बाई म्हणाली, "आबा, सुट्टे कुठून आणू? सकाळपासून नोट म्हणून हाताला लागली नाही."

"मग इतका वेळ फुकट विकलंस की काय?"

तिने टोपलीशी टांगलेल्या पुठ्ठ्याकडे बोट दाखविले. त्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन होता.

मंडळी, हाच क्यूआर कोड. रिक्षात, चहाच्या टपरीवर, शहरात तो कुठं नाही? १९९४ साली जपानात मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तो निघाला. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांवरून यंत्राला त्याची सुलटी बाजू कळते. मधला थोडा भाग मळला तरी उरलेल्यावरून मजकूर जुळतो. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा; मुले हरखून जातील.

पण त्या चौकोनात पैसा नसतो बरं का! असतो तो दुकानदाराचा पत्ता. २०१६ साली यूपीआय ही व्यवस्था सुरू झाली. तिच्यातून तुमच्या बँकेतली रक्कम थेट त्याच्या बँकेत जाते. फोन नुसता निरोप्या. म्हणूनच एखादा लबाड मूळ चौकोनावर आपला चौकोन डकवून ठेवतो आणि कमाई त्याच्या घरी जाते. दुकानात बोलकी पेटी ठेवतात ती याचसाठी. तिने रक्कम पुकारली, की खरी पोचली.

साध्या बटणांच्या फोनवरूनही हा व्यवहार होतो. २०२२ पासून तशी सोय आहे. सोय मोठी आहे, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. सुट्ट्यांऐवजी हातावर गोळी ठेवणारे दुकानदार तरी कमी झाले! पण फोनची बॅटरी उतरली, की पैसेवाला माणूसही बसथांब्यावर कफल्लक होऊन उभा राहतो.

आणखी एक. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी जुने कपाट विकायला काढले. फोन आला, "पैसे पाठवतो, तेवढा पिन दाबा." यांनी दाबला आणि आठ हजार गेले. घरातल्या सर्वांना सांगून ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसगत झालीच तर लाजू नका. लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढे सरकते.

आणि आबांची कोथिंबीर? बाईने ती तशीच पिशवीत घातली. "उद्या द्या," म्हणाली. दुसऱ्या दिवशी आबा सकाळीच दहाचे नाणे घेऊन मंडईत गेले. तिने ते कपाळाला लावले आणि कनवटीला खोचले.