पाटीवर न लिहिलेले



दिवाणी वकिलांच्या लहानशा कचेरीबाहेरील पाटीवर नावे व पदव्या असतात. वकिलीपूर्वीचा पेशा लिहिण्याची प्रथा नाही. पक्षकाराने तो अवश्य विचारावा. भारतरत्न पां. वा. काणे १९११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. त्यापूर्वी ते शाळेत शिकवीत.

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी याही आधी अध्यापिका. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवले. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्री म्हणून पदवी नाकारली गेली, आणि मायदेशी न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याची वाटही बंदच होती. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी त्या पडदानशीन विधवांच्या व अज्ञान वारसांच्या मिळकतींचे प्रश्न हाताळू लागल्या. पडद्याआडच्या स्त्रीला पुरुष वकिलाशी समोरासमोर बोलणे अशक्यप्राय. मग तिची कैफियत ऐकणार कोण? ऐकून घेणे आणि दस्तऐवजाचा अर्थ सोपा करून सांगणे, हे काम मुळात वर्गातलेच.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना सनद दिली १९२१ मध्ये. तोवर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.