काट्यावरचे वजन कशाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



डायलिसिसवरच्या स्थूल माणसाने वजन कसे उतरवावे, हा विषय आजच्या आनंदाच्या दिवशी जरा रुक्ष वाटेल. पण ज्या घरात मधुमेह आणि रक्तदाब आहेत, त्या घराच्या उंबरठ्यावर मूत्रपिंडाचा विकार उभाच असतो. आहारतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षे या रुग्णांत वावरले, म्हणून चार गोष्टी सांगते.

१९४३ साली हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी माणसाच्या उपयोगी पडेल असे कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. आजची यंत्रे त्याच वंशातली. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास, ती रक्त गाळून देतात. पण मधल्या दिवसांत पोटात काय जाते, ते पाहणे आपल्याच हाती असते.

माझ्याकडे एक बाई येत. वजन ९४ किलो. बहीण मूत्रपिंड द्यायला तयार होती. पण वजन उतरल्याशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितलेले. बाईंनी सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपास धरले. फराळाला बटाटा, रताळे, शेंगदाणे, केळे, खजूर आणि वर शहाळे! या पदार्थांत पोटॅशियम फार. निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात ते वाढले की हृदय बंद पडू शकते. मग निर्जळी करावी काय? तेही नाही. उपाशी देहाचे स्नायू झिजतात आणि त्यांतले पोटॅशियम रक्तात उतरते. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम खाली जाते, ते वेगळेच.

भगिनींनो, काट्यावरच्या आकड्यात पाणी, चरबी आणि स्नायू या तिघांचाही वाटा असतो. दोन डायलिसिसमध्ये वाढते ते पाणी. ते काढल्यावर उरते त्याला डॉक्टर ‘कोरडे वजन’ म्हणतात. उतरवायची ती चरबी. स्नायू झिजले आणि त्यांची जागा पाण्याने घेतली, तर काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून प्रथिने तोडायची नाहीत. डायलिसिसपूर्वी ती कमी करायला सांगतात. सुरू झाल्यावर उलट, किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम लागतात. स्थूल माणसासाठी हिशेब कोणत्या वजनावर करायचा, ते डॉक्टर ठरवतात. अंड्यातले पांढरे उत्तम. शाकाहारी असाल तर मोजून डाळ, दही, पनीर. कमी करायचे ते साखर, तेल, तूप, तळण आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळाव्या आणि ते पाणी ओतून द्यावे. मीठ कमी की तहान कमी. पण ‘लो सोडियम’ मीठ आणू नये, त्यात पोटॅशियम असते. चहा, ताक, आमटी हे सारे पाण्याच्या मापातच धरावे.

आणखी एक. डायलिसिसवरच्या प्रत्येक स्थूल माणसाने बारीक व्हावेच असे नाही. अंगाने भरलेले रुग्ण अधिक काळ जगतात असे पुष्कळ पाहण्यांत दिसले आहे. मूत्रपिंडरोपणासारखे कारण असेल तरच, आणि डॉक्टरांना विचारूनच, हा खटाटोप करावा.

त्या बाईंचे वजन चढायचे कारण मला त्यांच्या स्वयंपाकघरात सापडले. सर्वांचे झाल्यावर, वाया जाऊ नये म्हणून, उरलेसुरले त्या संपवीत. आम्ही त्यांचे ताट आधी वाढायला सांगितले, तेही मोजून. सासूबाईंना हे रुचायला महिना लागला. डायलिसिस नसेल त्या दिवशी त्या चालू लागल्या. दीड वर्षात १३ किलो उतरले, अंगात ताकद राहिली, आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली.

आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि ते मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. म्हणून एखाद्या बाईला मिळण्याची संधी आली, तर ती ताटातल्या हयगयीने जाऊ नये. अशा आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेऊ नका, आणि हळदीकुंकवाला ‘एक लाडू खाल्ल्याने काय होते’ म्हणून आग्रह करू नका. तासभर बोलत बसा, किंवा तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालून या. तेवढे आपल्या मंडळाला सहज जमेल.