स्वमग्न बालक आणि गाव



हाक मारली तरी न वळणारे, घंटा वाजताच कान झाकणारे मूल उद्धटच असते असे नाही. ते स्वमग्न असू शकते. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली या अवस्थेचे वर्णन केले. पुढे आईच्या मायेच्या उणिवेस दोष दिला गेला. तो समज खोटा ठरला. तरीही कित्येक गावांत मातेलाच बोल लागतो आणि मूल घरात कोंडले जाते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे; शाळेचे दार अशा मुलास बंद करता येत नाही. त्यास ठराविक जागा द्यावी, दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवावा, एक सोबती नेमावा. पालकांस नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीचा सल्ला द्यावा. पालकसभेत त्या मातेची बाजू शिक्षकानेच मांडावी. गुरुजींचा शब्द गाव मानतो.