एका हंगामाचा करार

शिक्षक, पालक आणि विंगेत रंग लावून ताटकळलेल्या कलाकारांनो,

पाहुणे फुटबॉलवर लिहितात असं सूत्रसंचालकांनी सांगितलं आणि पुढच्या रांगेतून मेस्सी, रोनाल्डो असा गलका झाला. त्यांच्याबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी बोलणार आहे रोमिओ फर्नांडिसबद्दल. हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा बघू. वाटलंच होतं.

रोमिओ गोव्यातल्या असोळण्याचा. धेंपो क्लबकडून खेळत वर आला. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा तो एफसी गोवा संघात होता आणि प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको. पुढच्याच वर्षी ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरातल्या अॅटलेटिको परानाएन्से क्लबने त्याला काही महिन्यांसाठी नेलं. विकत नव्हे, लोनवर. म्हणजे खेळाडू मूळ क्लबचाच राहतो, मुदत संपली की परत येतो. तिथल्या राज्य स्पर्धेत तो बदली खेळाडू म्हणून उतरला. ब्राझीलच्या अशा मोठ्या क्लबकडून व्यावसायिक सामना खेळणारा तो पहिला भारतीय. मुदत संपली, तो परत आला. पुढे दिल्ली डायनामोजकडे गेला, तर 2019 मध्ये तो क्लबच बाडबिस्तरा गुंडाळून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला! खेळाडूंनी भाड्याचं घर बदलायचं ते बदललंच, इथे मालकांनी गावही बदललं.

कट्ट्यावर बसून आपण लगेच म्हणतो, ‘ब्राझीलला गेला होता ना? मग टिकला का नाही?’ मला हा प्रश्नच पटत नाही. जगातले बहुसंख्य व्यावसायिक फुटबॉलपटू असेच जगतात. एक-दोन हंगामांचा करार, मग नवं गाव, नवी भाषा, नवा प्रशिक्षक. आपल्या मराठवाड्यातल्या लेकरांना हंगामाचा करार मी काय समजावून सांगू? दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या तुम्ही पाहिल्यात. फुटबॉलमध्ये बूट असतात आणि मुकादमाला एजंट म्हणतात, एवढाच फरक. बरं, मोबदला बरा असतो, तेवढं मान्य.

आणि चांगलं खेळलं की दार उघडतं असंही नाही. भारताच्या सुनील छेत्रीला 2009 मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने करार देऊ केला होता. इंग्लंडने वर्क परमिट नाकारलं, कारण भारताचा संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नव्हता. पोराच्या पायात दोष नव्हता, देशाच्या क्रमांकात होता. भारताचाच बायचुंग भुतिया 1999 मध्ये बरी नावाच्या इंग्लिश क्लबकडे गेला, पण तो क्लब वरून तिसऱ्या पातळीवर खेळत होता. पुढे मलेशियातही खेळून आला. काम मिळेल तिथे जायचं, यात त्यालाही कमीपणा वाटला नाही.

आता उलटं बघा. कोल्हापूरला पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. राजर्षी शाहू स्टेडियमवर यांची झुंज लागते तेव्हा पेठा ओस पडतात. या संघांनी नायजेरियातूनही खेळाडू आणले. म्हणजे कुणाच्या तरी आईच्या लेखी कोल्हापूर हेच ‘फॉरेन’! असाच एक खेळाडू मी सामन्याआधी पाहिला होता. घोट्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळत होता. एक वेढा, मग बोटाने दाबून बघायचं, मग दुसरा वेढा. शेजारी संघाचा माणूस मदतीला बसलेला, पण तो कुणाला हात लावू देईना. घोटा गेला तर हंगाम गेला. मोबाइलवर त्याने दोन वेळा लावून ठेवल्या होत्या, आपली आणि साडेचार तास मागची त्याच्या घरची. मराठी किती येतं विचारलं, तर ‘पास दे’ आणि ‘मागं बघ’ असं म्हणून हसला. मैदानात तेवढं पुरतं.

आपल्या सेलूत कुठला फुटबॉल, असं मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं. त्याला सांगतो. 1956 पर्यंत आपण ज्या हैदराबाद राज्यात होतो, त्या हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे भारताचे प्रशिक्षक. त्यांच्या संघाने 1951 आणि 1962 मध्ये आशियाई खेळांत सुवर्णपदक आणलं, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. आपल्या स्टेशनातून काचीगुड्याला गाडी जाते, ते हे हैदराबाद. आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जो 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तोही पुढे हैदराबादच्या क्लबकडून खेळला. मधे ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे इंग्लंडला सरावालाही जाऊन आला.

पालकांसाठी एक कामाची गोष्ट सांगतो. ‘तुमच्या मुलाला परदेशी क्लबमध्ये चाचणीला नेतो, एवढे पैसे भरा’ असं सांगणारा कुणी भेटला तर सावध व्हा. फिफाच्या नियमांनुसार काही अपवाद सोडले तर 18 वर्षांखालच्या खेळाडूला परदेशी क्लब घेऊच शकत नाही. एजंटला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. तो आधी मागा. आणि आणखी एक नियम आहे, तो क्रीडाशिक्षकांना आवडेल. करार चालू असताना पैसे मोजून खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के, 12 ते 23 या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. त्यासाठी क्लबकडे त्याच्या नोंदणीची कागदपत्रं असावी लागतात. तेव्हा सर, रजिस्टर नीट ठेवा!

नाटुकलीतल्या राजाची मिशी मघापासून दोनदा गळून पडली आहे. तिसऱ्यांदा पडायच्या आत मी बसतो.